दोन डब्यांचं अंतर

आमच्या घरात एखादं गाव किती लांब आहे असं विचारलं, की दोन उत्तरं मिळायची. बाबा तासांत सांगायचे आणि आई डब्यांत. किलोमीटर दोघांच्याही खिजगणतीत नव्हते. रस्त्याकडेच्या दगडांवर ते लिहिलेले असतात, एवढीच त्यांची किंमत.

बाबा पनवेलच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. लोक कंट्रोलर म्हणायचे. कुठली गाडी कधी लागणार, कधी सुटणार, उशिरा आलेल्या ड्रायव्हरला किती आणि कोणत्या शब्दांत ऐकवायचं, हे सगळं त्यांच्याकडे. निवृत्त झाल्यावरही त्यात फरक पडला नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज म्हणालं, की उद्या महाडला जायचंय, तर हातातला घास ताटात ठेवून बाबा गाडी सुटायची वेळ, पोचायची वेळ आणि मधला चहाचा थांबा सांगून मोकळे व्हायचे. समोरच्यानं विचारलेलं नसायचं. पण ते सांगत ती वेळ खरी निघायची, हे मात्र शत्रूलाही मान्य करावं लागे.

आईचं माप वेगळं होतं, कारण ती बाहेरचं खात नसे. सोवळ्याओवळ्याचा त्यात काही संबंध नव्हता. नव्यानं लग्न झालेलं असताना कुठल्याशा स्टँडवर बटाटेवडा खाऊन ती आठवडाभर अंथरुणाला खिळली होती. तेव्हापासून ‘बाहेरचं तेल’ हे शब्द ती शिवीसारखे वापरायची. त्यात अंड्याची धास्ती. केक राहू द्या, तिला खारी बिस्किटातसुद्धा अंडं दिसायचं. त्यामुळे प्रवास म्हटला की डबा आलाच. पेण म्हणजे घरून चहा पिऊन निघायचं. पुणे म्हणजे एक डबा. कोल्हापूर म्हणजे दोन. नागपूर म्हणजे तीन डबे आणि वर लाडू. आम्ही हसायचो, पण डबा उघडला की सगळ्यांत आधी आमचेच हात आत असायचे.

पुढे तिला मधुमेह झाला आणि हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एकच गोष्ट चारचारदा सांगितली. गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. साखर वाढली तर आपण बघून घेऊ, पण एकदम खाली आली तर माणूस जागच्या जागी आडवा होतो. आईनं ते एका कानानं ऐकलं, दुसऱ्यानं सोडून दिलं. मग एकदा गोळी घेऊन ती उरण नाक्याला बाजारात गेली, वालाच्या शेंगांच्या भावावरून घासाघीस करत उभी राहिली आणि तिथेच कोसळली. भाजीवाल्या बायकांनी तोंडात गूळ कोंबला म्हणून वाचली. त्या दिवसापासून तिच्या जेवणाच्या वेळा बाबांनी आपल्या ताब्यात घेतल्या. सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ. एक वाजता ती पूजा करत असली तरी बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून घड्याळाकडे बोट दाखवायचे. देव थांबेल, गाडी थांबणार नाही, असा त्यांचा चेहरा असे.

नव्वदच्या दशकातला तो एक हिवाळा होता. माझी मोठी बहीण लग्न होऊन अमेरिकेला गेली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. पण ताईची तब्येत नाजूक, तिथल्या डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली. मुलगी माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरानं तिच्याकडे जावं, असं जावईबापूंनी फोनवर सुचवलं आणि आईचं तिकीट पाठवतो म्हणाले.

आई म्हणाली, “मी नाही जायची.”

कारण विचारलं तर दहा कारणं. गुडघे दुखतात. इंग्रजी येत नाही. इकडे तुमचं कोण बघणार. मी तेव्हा इथल्याच एका सहकारी बँकेत नोकरीला होते, मला वरणभात नक्की येत होता, पण ‘तुमचं’ म्हणजे बाबांचं, माझं नव्हे. खरं कारण तिनं शेवटी ताटं उचलताना सांगितलं.

“इतकं लांब मला झेपायचं नाही. वाटेत पुन्हा तसं चक्कर येऊन पडले तर? वर आकाशात कोण गूळ देणार आहे?”

फोनवर ताईनं आग्रह केला नाही, पण तिचा आवाज इतका बारीक झाला की मलाच कसंतरी झालं. तिला आई हवी होती. आईलाही जायचं होतं. रात्री ती ताईची लहानपणची दुपटी काढून, उन्हात घालायची म्हणून वेगळी ठेवत होती, हे मी बघितलं होतं. अडलं होतं ते फक्त अंतरावर.

तिकीट आलं तेव्हा बाबांनी चष्मा लावला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि ते वाचायला घेतलं. मुंबईहून सुटणार पहाटे चार वाजता. लंडनला थांबा, पण विमान बदलायचं नाही, तेच पुढे जाणार. न्यूयॉर्कला पोचणार दुपारी दोन वाजता. तारीख तीच.

बाबांनी चष्मा काढला. “अगं,” त्यांनी आत हाक मारली, “दहा तास!”

आई पोळपाटावरून उठून आली. “कसले?”

“दहा तासांत अमेरिका. चारला सुटणार, दोनला लागणार. आपली कोल्हापूर गाडी यापेक्षा काही फार लवकर जात नाही.”

“काहीतरीच.”

“काहीतरीच काय? हे बघ छापलंय.” बाबांनी आयुष्यभर असंच केलं होतं. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली की प्रवासाचा वेळ. पनवेल ते अलिबाग असो की पनवेल ते पंढरपूर, हे गणित त्यांना कधी दगा देऊन गेलं नव्हतं.

मला थोडी शंका आली, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर घरात मी फार शहाणपणा केला. जावईबापू एकदा म्हणाले होते की अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे. मी ते दहानं भागलं. ताशी साडेबाराशे आलं. “बाबा, इतक्या वेगानं जातं विमान?”

“का नाही जाणार? वर काय आहे? ना घाट, ना फाटक, ना हात दाखवून गाडी थांबवणारे पाहुणे.”

मला ते पटलं. दिवसभर बँकेत व्याजाचे आकडे पैशापर्यंत जुळवणारी मी, एवढ्या उत्तरावर गप्प बसले. गंमत म्हणजे ताईचा फोन दर रविवारी सकाळी आमच्या चहाच्या वेळेला यायचा आणि ती बोलता बोलता जांभया द्यायची, कारण तिथे शनिवारची रात्र असायची. आमचा दिवस म्हणजे तिची रात्र, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण ते फोनच्या खात्यातलं ज्ञान होतं. ते तिकिटालाही लागू पडतं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेजारीपाजारी सगळ्यांना बाबांनी सांगितलं, आणि त्यांतही एकानं शंका काढली नाही. कंट्रोलरला वेळ कोण शिकवणार?

आई दोन दिवस विचार करत होती. मग एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, “कोल्हापूरएवढंच ना?”

“कोल्हापूरएवढंच.”

“म्हणजे दोन डबे.”

“दोन डबे. एक सकाळी आठचा, एक दुपारी एकचा. रात्रीचं जेवण लेकीकडे.”

“तुम्ही म्हणताय ना दहा तास? मग जाते.”

इतकंच. गुडघे, इंग्रजी, आमचं कोण बघणार, सगळं त्या एका वाक्यात निकालात निघालं. बाबांच्या शब्दावर तिचा किती विश्वास होता, हे मला तेव्हा फारसं जाणवलं नाही. घरात रोज दिसणाऱ्या गोष्टी आपण बघतो कुठे?

मग पंधरा दिवस घरात नुसती धामधूम. डिंकाचे लाडू झाले, अळीव झाला, बाळंतशेप भाजून झाली, बाळाची टोपडी झाली. हे सगळं मोठ्या बॅगेत गेलं, आणि ती बॅग विमानाच्या पोटात जाणार होती. निघायच्या संध्याकाळी आईनं स्वतःसाठी ज्वारीच्या दशम्या केल्या, मेथीची कोरडी भाजी केली, लसणाची चटणी केली. डबे मी भरले. दोन डबे, दोन फडकी, वरून गाठ. हातातल्या पिशवीत डबे आणि गोळ्या. बाबांनी तिला सगळा प्रवास तोंडपाठ करून घेतला. आठला गोळी आणि पहिला डबा. एकला गोळी आणि दुसरा डबा. पावणेदोनला पिशवी आवरून तयार राहायचं. विमानातल्या पोरींनी काही आणलं तर नको म्हणायचं, फक्त चहा घ्यायचा. आई शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होती.

विमानतळावर आत जाताना तिनं एकदाच मागे वळून बघितलं. बाबांनी हात वर केला, तो गाडी सोडताना करायचे तसाच. मग ते इतके वेळ तिथेच उभे राहिले की मला त्यांच्या शर्टाची बाही ओढावी लागली.

उजाडायच्या आत आम्ही पनवेलला परत आलो. मी रजा टाकली होती. आठ वाजता बाबा म्हणाले, “पहिला डबा उघडला असेल.” एक वाजता आम्ही दोघं जेवायला बसलो तेव्हा म्हणाले, “दुसरा.” घास तोंडात टाकताना चेहऱ्यावर समाधान होतं, जणू ती समोरच्या पाटावर बसून जेवते आहे. दोन वाजता त्यांनी खुर्ची फोनपाशी नेली. “उतरली. आता सामान घ्यायचं, बाहेर यायचं. तीनपर्यंत फोन.” ताईनं विमानतळावरूनच फोन करते म्हणून सांगितलं होतं.

तीन वाजले. साडेतीन झाले. बाबांनी दोनदा रिसीव्हर उचलून कानाला लावला, फोन जिवंत आहे का बघायला. मी म्हटलं, “असे सारखे उचललेत तर तिचा फोन लागणार कसा?” त्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे बघत बसले.

चारच्या सुमारास घंटी वाजली. बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला. पलीकडे ताई होती. तिचा आवाज परदेशातून यायचा तेव्हा इतका मोठा यायचा की मला शेजारी उभं राहून सगळं ऐकू येत होतं.

“बाबा, आई नीट बसली ना विमानात? मला झोपच येईना, म्हणून म्हटलं विचारावं.”

बाबा गोंधळले. “बसली म्हणजे? पोचली का नाही ती?”

“पोचेल कशी? दोन वाजता येणार ना विमान.”

“अगं, दोन कधीच वाजून गेले!”

“तुमचे वाजले असतील. इथे पहाटेचे साडेपाच वाजलेत बाबा, अजून अंधार आहे. आम्ही दहाला निघू घरातून.”

मला त्यांचा चेहरा दिसत होता. स्टँडवर एखादी गाडी दरीत गेल्याची बातमी यायची तेव्हा तो असा व्हायचा. “बरं, बरं,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग ते बोटांवर मोजायला लागले. तिथले दोन म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. चारपासून साडेबारा. दहा तास नव्हेत, वीस तास. वीसच्याही वर. पुन्हा मोजलं, उत्तर तेच आलं.

“आत्ता कुठे असेल ती?” त्यांनी मला विचारलं. माझ्या आठवणीत बाबांनी कुठल्याही गाडीबद्दल दुसऱ्याला विचारलेला तो पहिला प्रश्न.

“लंडनला असेल. थांब्यावर.”

“आणि डबे संपले.”

“हो.”

“अजून आठ तास.”

मी म्हटलं, “विमानात देतात ना जेवायला.”

“ती खाणार नाही. मीच सांगितलंय खाऊ नकोस म्हणून. मी सांगितलंय!” ते उठले, बसले, पुन्हा उठले. “आठ वाजता ती गोळी घेईल. घड्याळ बघून घेईल. रात्रीची गोळी, आणि पुढ्यात काही नाही.”

मला त्या क्षणी बाबांचा फार राग आला. इतकी वर्षं घड्याळाकडे बोट दाखवून तिला जेवायला बसवलं आणि नेमकं या वेळी स्वतःच्या हुशारीवर तिला उपाशी पाठवलं, असं मनात आलं. पण साडेबाराशेचा भागाकार माझाही होता. तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. उरण नाक्यावरून दोघी बायकांनी धरून आणलेली आई मला दिसत होती, ओठ पांढरे, पदर मातीत.

“ताईला कळवू या,” मी म्हटलं. “विमानतळावर काहीतरी खायला घेऊन येतील. उतरल्या उतरल्या देतील.”

“कळव. पण का ते सांगू नकोस.” मी त्यांच्याकडे बघितलं तसे ते दुसरीकडे बघायला लागले. “जावई काय म्हणतील.”

आमच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे. मी लाइन आळीतल्या बूथवर गेले, काचेच्या त्या खोक्यात उभी राहून बराच वेळ नंबर फिरवला आणि लागल्यावर ताईला म्हटलं, “येताना केळी आणा, काहीतरी गोड प्यायला आणा. आई बाहेर आली की आधी ते द्या.”

“का गं? काय झालं?”

“काही नाही. शुगर आहे ना तिला.” खोटं नव्हतं ते. अर्धं खरं होतं.

परत आले तर विचुंब्याहून भाजी घेऊन येणारी आमची नेहमीची भाजीवाली पायरीवर पाटी उतरवून बसली होती आणि बाबा दारात उभे होते. वीस वर्षांची ओळख. आईवाचून तिचा बाजार पुरा होत नसे.

“वैनी पोचल्या का गो?” तिनं मला विचारलं.

“नाही अजून. रात्री पोचेल. आणि खायला काही नाही तिच्याजवळ,” मी बोलून गेले.

“आगो, मंग इमानान देत नाय का कोन?”

“देतात. पण ती खाणार नाही. अंडं असेल म्हणून.”

“खाईल गो. भूक लागली का मानूस खातंय. आमचा सासरा माळकरी, अंड्याचा नाव काडला तरी उटून जायाचा. हास्पिटलान नेला, आन् तिसऱ्या दिशी चार-चार खायला लागला. घरी आला तो कोंबड्याच पाळल्यान.”

मला हसू आलं. बाबांना आलं नाही. पण जाताना तिनं पालकाची जुडी त्यांच्या हातात ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “दादा, काय नाय व्हनार वैनीला. तुमी घोर नका करू.” बाबा ती जुडी हातात धरून कितीतरी वेळ दारातच उभे राहिले. डोक्यावरून एक विमान सहार विमानतळाच्या दिशेनं उतरत गेलं. आमच्याकडे दिवसाकाठी अशी कैक जायची, कुणी मान वर करत नसे. त्या दिवशी बाबा ते दिसेनासं होईपर्यंत बघत होते.

आत आल्यावर म्हणाले, “लाडू खाली दिले. बॅगेत. तिच्या पायाखाली किलोभर लाडू आहेत आणि ती उपाशी. त्यातले चार वर ठेवले असते तर काय बिघडलं असतं?”

रात्री आठ वाजता मी त्यांचं पान वाढलं. ते आले, पाटावर बसले, ताटाकडे बघितलं आणि उठले.

“नको गं. जात नाही.”

“तुम्ही उपाशी राहून तिचं पोट भरणार आहे का?”

“नाही भरणार. पण तिनं आत्ता गोळी घेतली असेल.”

मी मात्र जेवले. दोघांनीही उपाशी राहण्यात काय शहाणपण, आणि मला भूकही लागली होती. पण भात पाण्यासारखा गिळला, चव कळली नाही. बाबांचं ताट झाकून ठेवलं. रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. साडेबारा वाजून गेले, फोन आला नाही. दोन वाजले, आला नाही. बाबांनी दिवा मालवला नाही आणि मीही त्यांना झोपा म्हटलं नाही. एकदा फक्त ते म्हणाले, “ती जात नव्हती गं. मी पाठवली.”

सकाळी दूधवाला येऊन गेला. मी चहाचं आधण ठेवलं होतं आणि फोन वाजला. मी धावत बाहेर आले तोवर बाबांनी उचलला होता.

“बाबा, आई पोचली. ठीक आहे आता,” ताई म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. मी भिंतीला टेकले.

पण ताईचं संपलं नव्हतं. तीन तासांचा रस्ता करून ती घरी आली होती, आठवा महिना, दिवसभराची दगदग, आणि आता सगळं सुरळीत झाल्यावर तिचा राग वर आला होता. “विमानतळावरून फोन करणार होते, पण हिची अवस्था बघून कसला फोन करते! बाहेर आली ती घामानं निथळत, हातपाय कापतायत, चाकांच्या खुर्चीवरून आणली तिला. केळी दिली, ज्यूस पाजला, तेव्हा कुठे बोलायला लागली. अख्ख्या प्रवासात विमानातलं काही खाल्लं नाही, चहाबरोबर साखरेच्या पुड्या देतात त्या खाऊन राहिली. आणि कारण काय, तर म्हणे तिसरा डबा ओट्यावर विसरले! इतकी कशी धांदरट ही? एवढा आजार घेऊन फिरते आणि एक डबा लक्षात राहत नाही? हिच्या भरवशावर मी बाळंतपण काढू होय?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. डबे मी भरले होते. ओट्यावर काही राहिलेलं नव्हतं. तिसरा डबा नव्हताच.

ताई बोलतच होती. मागून आईचा आवाज येत होता, थकलेला, बारीक. “जाऊ दे गं, विसरले खरी. वय झालं आता.”

मला वाटलं बाबा हो म्हणतील. आईनं त्यांच्यासाठी वाट मोकळी करून दिली होती, आणि स्वतःची चूक कबूल करणारा माणूस म्हणून त्यांची कुठे ख्याती नव्हती. स्टँडवर गाडी उशिरा गेली तर ड्रायव्हरचं चुकायचं, घाटाचं चुकायचं, पावसाचं चुकायचं.

“तिला बोलू नकोस,” बाबा म्हणाले.

“बोलू नको तर काय करू? तुम्हीही जरा लक्ष द्यायचंत ना निघताना!”

“ती काही विसरली नाही. ऐक आधी. डबे दोनच दिले होते. वेळ मी काढली होती, ती चुकली. दहा तास म्हणून सांगितलं मी तिला. विमानातलं खाऊ नकोस हेही मीच सांगितलं. तिची काही चूक नाही. माझी आहे.”

मग काहीतरी खडखडलं आणि फोनवर आई आली.

“अहो, कशाला सांगितलंत?”

“तू... तू खोटं कशाला सांगितलंस?”

“मग काय सांगू? जावई उभे होते समोर.” ती थांबली, श्वास घेतला. “आणि चुकलात म्हणजे काय? मला खुर्चीवरून नेत होते ना, तेव्हा मी तिथलं घड्याळ बघितलं. दोनच वाजून गेले होते. तुम्ही सांगितलं होतंत दोन. चुकलात कुठे तुम्ही?”

तिला खरंच तसं वाटत होतं, की साडेबारा हजार किलोमीटरवरून ती अजूनही त्यांना सांभाळून घेत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे कधी विचारायचा धीरही झाला नाही.

“म्हणजे गाडी राइट टाइम आली म्हणायची,” बाबा म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून, मी समोर उभी असताना, लहान मुलासारखे रडायला लागले.